कोण ॲडमिट आहे?

मी शीवला राहतो असं सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा एकदम गंभीर होतो. मग आवाज खाली आणून तो विचारतो, "कोण ॲडमिट आहे?"

त्या बिचाऱ्याचा दोष नाही. लोकमान्य टिळकांच्या नावाचं महापालिकेचं रुग्णालय १९४७ पासून आमच्याकडे आहे आणि त्याने आख्खं गाव खाऊन टाकलंय. त्या रुग्णालयालाही त्याच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही, ते 'सायन हॉस्पिटल'. गावाचंही तेच. लोकलमधला आवाज मराठीत 'शीव' म्हणतो आणि हिंदी-इंग्रजीत 'सायन' म्हणतो. नवखा माणूस दोन वेगळी स्टेशनं समजून पिशवी उचलून ठेवतो आणि बिचकत विचारतो, "आधी कुठलं येतं?"

तर मुद्दा असा की शीवला 'पाहायला' येणं याचा मराठीत एकच अर्थ आहे. हातात शहाळं, खिशात पास आणि पेशंट पाहायला. शीव पाहायला कुणी येत नाही. आम्हीसुद्धा पाहिलेलं नव्हतं. इमारतीतले आम्ही चौदा जण मिळून आधी व्हिएतनामला गेलो, आणि मग पाहिलं.

व्हिएतनामच का, तर दुबई सगळ्यांची झालेली होती आणि थायलंड म्हटलं की सुना तोंडाला पदर लावायच्या. पदर नसतो आता, पण ओढणी असतेच. शिवाय व्हिएतनाम स्वस्त. आणि तळमजल्यावरच्या काकांचं त्या देशाशी फोनवरून जुनं नातं होतं. शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याचा अभ्यास करून व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं आणि तिथल्या एका राष्ट्राध्यक्षाने आपल्या समाधीवर 'महाराजांचा मावळा' असं लिहून घेतलं, हा मजकूर तुम्हालाही आला असेल. काकांना तो दर सहा महिन्यांनी यायचा आणि दर सहा महिन्यांनी ते तो आम्हाला पाठवायचे. ती समाधी बघायला म्हणून काकांनी पैसे भरले. प्रवास कंपनीच्या मुलाने, गाडी बुक होईपर्यंत, "हो, काही ना काही दाखवतील" असं सांगितलं.

डिसेंबर २०२४. व्हिएतनामच्या मधोमध ह्वे नावाचं जुनं राजधानीचं शहर आहे. हे नाव आम्ही मुंबईपासून 'ह्यू', 'हुए' आणि 'हू' असं तीन गटांत म्हणत आलो होतो. गाईड बाईंनी गाडीत माईक घेऊन हसत सांगितलं, "ह्वे!" तिसऱ्या मजल्यावरचे मालवणी अण्णा मागच्या सीटवरून भक्तिभावाने म्हणाले, "व्हय!" त्यानंतर दिवसभर ती "ह्वे" म्हणाली की अण्णा "व्हय" म्हणायचे. तिला वाटलं, या गृहस्थाला उच्चार शिकायची खरी आस्था आहे. तिने त्यांना दोनदा शाबासकी दिली.

बाई होती पाच फुटांच्या आत. अंगात जांभळा आओ झाई, डोक्यावर शंकूसारखी टोपी, हातात काठीला बांधलेला छोटा पिवळा झेंडा. तो झेंडा वर गेला की चौदा मराठी माणसं हलत होती. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला कोरम जमत नाही म्हणून दर वर्षी अर्धा तास थांबून पुन्हा सभा भरवावी लागते, तीच ही माणसं. मला वाटतं, आपल्या सेक्रेटरीकडे झेंडा नाही हीच अडचण आहे.

पाऊस पडत होता. ह्वेला डिसेंबरात पाऊस असतो हे कंपनीने छापलं नव्हतं. बाईंनी पहिल्यांदा राजवाड्याच्या मुख्य वेशीपाशी नेलं, न्गो मोन. तिला पाच दारं. मधलं दार फक्त बादशहासाठी, त्याच्या बाजूची दोन दरबाऱ्यांसाठी, कडेची दोन शिपाई, हत्ती आणि घोडे यांच्यासाठी. "म्हणजे लोकलसारखंच," दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "फर्स्ट क्लास, सेकंड क्लास आणि लगेज." यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण त्या वेशीचं मी वाचलेलं नाही. याच वेशीवर ३० ऑगस्ट १९४५ रोजी शेवटच्या बादशहाने, बाओ दाईने, गादी सोडल्याचं जाहीर केलं. पहिला झा लाँग. तो १८०२ मध्ये गादीवर आला, म्हणजे ज्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी वसईचा तह केला, त्या वर्षी. हे मी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघा, तिकडे सुरू आणि इकडे संपलं."

एवढ्यात काकांनी हात वर केला. काका पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झालेले, आकडा दिसला की वजाबाकी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी विचारलं, "हा किल्ला बांधायला कधी घेतला?" बाई म्हणाली, अठराशे चारच्या सुमारास. काकांनी डोळे मिटून हिशेब केला आणि जाहीर केलं, "मॅडम, आमच्या शीवचा किल्ला यापेक्षा सव्वाशे वर्षांनी थोरला आहे."

बाईचे डोळे चमकले. खरोखर चमकले. इतकी वर्षं ती येणाऱ्याजाणाऱ्याला माहिती देत आली होती आणि पहिल्यांदाच कुणीतरी उलट तिला देत होतं. "व्हेरी ओल्ड फोर्ट! आत काय आहे?"

चौदा जण एकमेकांकडे बघायला लागले.

"गार्डन आहे," कुणीतरी म्हणालं. "बेंच आहेत." "सकाळी वॉकला चांगलं आहे." काका म्हणाले, "आमच्या गॅलरीतून दिसतो." बाईने प्रत्येक उत्तराला मान डोलावली, जशी आपण दुसऱ्याच्या मुलाच्या मार्कांना डोलावतो. मग झेंडा वर गेला आणि आम्ही निघालो, पण आमच्यातलं काहीतरी न्गो मोनच्या हत्तीच्या दारात राहून गेलं.

समाधीचं काय झालं ते सांगून टाकतो. काकांनी जेवणाआधी तो फोनवरचा मजकूर तिच्यासमोर धरला आणि शक्य तितक्या इंग्रजीत विचारलं. तिने तो दोनदा वाचला. मग फार अदबीने म्हणाली की असं काही तिच्या ऐकिवात नाही, पण तुमचे राजे मोठे असणार. आणि पुढे म्हणाली, "शिवाजी... शिव... तुमच्याच गावचे का?" काकांनी क्षणभर विचार केला. एवढा मान आयता मिळत असताना नाकारायला हिंमत लागते. ती काकांनी दाखवली. "नो मॅडम," ते म्हणाले, "आमच्या गावात इंग्रज होते." त्यानंतर काकांकडून तो मजकूर आम्हाला आलेला नाही.

मग थिएन मू पॅगोडा. पॅगोडा १६०१ चा, त्याचा सात मजली मनोरा १८४४ चा. तिथे मागे एक निळी ऑस्टिन मोटार ठेवलेली आहे. थिच क्वांग डुक नावाच्या भिक्षूने ११ जून १९६३ रोजी सायगॉनच्या चौकात, बौद्धांवर होणाऱ्या जुलमाच्या निषेधार्थ स्वतःला पेटवून घेतलं, तेव्हा तो याच गाडीतून आला होता. इथे कुणी फोटोत दोन बोटं वर केली नाहीत. अण्णाही "व्हय" म्हणाले नाहीत.

खरी मजा तू डुक बादशहाच्या समाधीत आली. या माणसाने १८६४ ते १८६७ या काळात आपली समाधी जिवंतपणीच बांधून घेतली आणि मग तिथे सुट्टीला जाऊन राहू लागला. तळं, तळ्यात मंडप, मंडपात बसून कविता. बाईच्या सांगण्याप्रमाणे बायका शंभरावर होत्या आणि त्या कविता ऐकायच्या. "उठून जाता येत नसणार," माझी बायको म्हणाली. ती माझ्याबरोबर दोन साहित्य संमेलनांना आलेली आहे, तेव्हा हे मत अनुभवातून आलेलं होतं. बांधकामावर लोकांना इतकं राबवलं की मजुरांनी १८६६ मध्ये बंड केलं. एवढं करून बादशहाला मूलबाळ नव्हतं. बापाच्या शिळेवर मजकूर लिहायचा तो मुलाने, अशी तिथली रीत. मुलगा नाही म्हणून याने आपला मृत्युलेख आपणच लिहिला, भल्या थोरल्या दगडावर, आणि त्यात आपल्या चुकासुद्धा कबूल केल्या. काका त्या शिळेसमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "सोसायटीच्या अहवालात असं कधी कुणी लिहिलं नाही."

आणि या सगळ्या थाटानंतर तो त्या समाधीत नाहीच म्हणे. खरं दफन कुठे केलं ते कुणाला ठाऊक नाही.

संध्याकाळी वहिनींची संकष्टी. दिवसभर बाईला उपास समजावण्यात आम्ही दमू असं वाटलं होतं, पण 'चंद्र' आणि 'उपास' हे दोन शब्द ऐकताच ती खुलली. त्यांच्याकडेही चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी लोक शाकाहार पाळतात, ह्वे तर त्या जेवणासाठी नावाजलेलंच आहे. अडचण निराळी होती. उपास चंद्र बघून सोडायचा, आणि ह्वेच्या आभाळात ढगांशिवाय काही नव्हतं. चंद्रोदयाची वेळ दिलेली ती कॅलेंडरमध्ये, म्हणजे मुंबईची. व्हिएतनाम आपल्या दीड तास पुढे. मग ती वेळ तिकडची धरायची की इकडची, यावर हॉटेलच्या लॉबीत चर्चासत्र भरलं. अण्णांचं म्हणणं, चंद्र एकच आहे, कुठूनही चालेल. शेवटी वहिनींनी शीवला मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तो गच्चीवर गेला. पाण्याच्या टाकीवरून, डिशच्या छत्रीच्या बाजूने चंद्र दाखवला. वहिनींनी फोनला नमस्कार केला आणि ह्वेच्या साडेदहाला भाताचा घास घेतला. गाईड बाईने हे सगळं टिपलं. तिला वाटलं असणार, सव्वाशे वर्षं थोरला किल्ला आणि पूजेला स्वतःचा चंद्र, गाव साधं नव्हे.

जाताना तिने काकांचा नंबर घेतला. "मला तुमच्या किल्ल्याचे फोटो पाठवा."

घरी आल्यावर तिचे मेसेज यायला लागले. 'फोटो ऑफ फोर्ट?' काका दोन आठवडे 'यस मॅडम, सून' यावर वेळ मारून नेत होते. अखेर २६ जानेवारीला रविवार आलेला बघून ठरलं की झेंडावंदन आणि जिलेबी झाली की सगळ्यांनी किल्ल्यावर जायचं. गाईड कोण? मी. कारण ह्वेला मी सतत बाईच्या शेजारी उभा होतो. मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून उभा होतो, पण लोकांनी त्याला जिज्ञासा समजलं. छत्रीला ओटा पुसायचा पिवळा रुमाल बांधला, दोन रात्री वाचन केलं, आणि निघालो.

आता जे वाचलं ते सांगतो, कारण त्या दिवशी मला कुणी पूर्ण सांगू दिलं नाही.

शीव म्हणजे गावाची हद्द. वरात शिवेवर आली की नारळ फोडतात ती शीव. येरुशलेमच्या झायनशी या नावाचा संबंध लावणारे आहेत, लावोत बिचारे. इथे मुंबई बेट संपायचं, पलीकडे खाडी, आणि खाडीपल्याड साष्टी. मुंबई इंग्रजांकडे आली, साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. तेव्हा शेजाऱ्यावर नजर ठेवायला गव्हर्नर जेरल्ड अंजियरच्या काळात, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान, कंपनीने या टेकडीवर किल्ला बांधला. मग चिमाजी आप्पांची मोहीम आली. १७३७ मध्ये ठाणं घेतलं, १७३९ मध्ये वसई. तिथून इंग्रजांनी ठाणं घेईपर्यंत, म्हणजे १७७४ च्या अखेरीपर्यंत, पस्तीसएक वर्षं आमच्या टेकडीवरून समोर दिसायचं ते मराठी राज्य होतं. म्हणजे काय, कुर्ला परदेश होता! आमच्या इमारतीतल्या माणसाला तेव्हा परदेशवारी करायची तर विमान नको, पासपोर्ट नको, एक होडी पुरली असती. पुढे गव्हर्नर जोनाथन डंकनच्या कारकिर्दीत शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये भराव घालून रस्ता झाला आणि आमची शीव पुसली गेली. नाव राहिलं.

हे मी पहिल्या दहा पायऱ्यांत सांगायला घेतलं. विसाव्या पायरीला मला दम लागला. ह्वेच्या बाईला नव्हता लागत. तिचा किल्ला सपाटीवर आहे.

पायथ्याशी नेहरू उद्यान आहे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचं कार्यालयही. किल्ल्याला पहिल्या श्रेणीच्या वारसा-वास्तूचा दर्जा आहे हे मी सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "आपली इमारत कुठल्या श्रेणीत येते?" कुणीतरी म्हणालं, "मोडकळीच्या." तिथून पुढची पंधरा मिनिटं पुनर्विकासावर चर्चा झाली. झेंडा मी दोनदा वर केला. कुणी हललं नाही. रुमाल पिवळा असून उपयोग नाही, माणसं परक्या देशात असावी लागतात.

वर पोचलो. दगडी भिंती, छप्पर गेलेल्या खोल्या, वारा. आणि भिंतींवर नावं. बाणांनी भोसकलेली हृदयं, आत अक्षरं, खाली सालं. मी म्हटलं, "इथून इंग्रज पहारेकरी आधी पोर्तुगिजांवर आणि मग मराठ्यांवर..." आणि माझी बायको एका तुटक्या कठड्याजवळ जाऊन म्हणाली, "हेच ना ते?"

सगळे वळले.

"लग्न ठरल्यावर इथेच आलो होतो," ती म्हणाली. "हे शेंगदाणे घेऊन आले होते. स्वतःच खाल्ले."

त्यानंतर अंजियरचं कुणाला काही पडलं नाही. अण्णांनी भिंत न्याहाळत हळूच विचारलं, "तुमचं नाव कुठे आहे?" मी म्हटलं, मी खडूने लिहिलं होतं, पहिल्या पावसात गेलं. हे खरं आहे. वहिनी म्हणाल्या, "तो तू डुकही असाच की. स्वतःचा लेख स्वतः लिहिलेला." काकांनी दुरुस्ती केली: त्याने चुका कबूल केल्या होत्या. बायको म्हणाली, "यांनी शेंगदाण्यांचं अजून केलेलं नाही."

वरून दिसतं काय? रस्ते, पूल, क्रेनी, इमारती आणि गाड्यांचा अखंड ओघ. सतराव्या शतकातल्या शिपायाला शेजारचं राज्य कसं ओळखायचं ते कळत होतं. मला कुर्ला कुठे सुरू होतं ते दाखवता आलं नाही. काकांनी फोनवरून नकाशा उघडला, आणि नकाशाने आम्ही उद्यानात आहोत असं सांगितलं.

आमच्या कार्यक्रमात दुसरं स्थळ होतं रीवाचा किल्ला, म्हणजे धारावीतला काळा किल्ला. तो लोकांना किल्ला म्हणून नाही, बेस्टचा डेपो म्हणून माहीत आहे. तिथे जायचं तर रेल्वे ओलांडायची, आणि ओलांडायचा तो १९१२ चा पूल पाडायचा म्हणून १ ऑगस्ट २०२४ पासून वाहनांना बंद होता. चौदा जणांसाठी बोलावलेल्या रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी जो वळसा सांगितला, त्यात ह्वेच्या विमानाची निम्मी चिडचिड भरली. ज्यांचे गुडघे शाबूत होते ते सहा जण स्टेशनच्या पादचारी पुलावरून पलीकडे गेले. बाकीचे समोसे खायला थांबले. त्यांचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही.

काळ्या किल्ल्याच्या भिंतीत एक दगडी पाटी आहे, इंग्रजीत: मुंबईचे गव्हर्नर जॉन हॉर्न यांच्या हुकमावरून १७३७ मध्ये बांधला. १७३७! त्याच वर्षी चिमाजी आप्पांच्या फौजांनी ठाणं घेतलं होतं. पाटीवर घाबरल्याचा उल्लेख नाही, पण तारीख पुरेशी बोलते. हे मी मोठ्या आवेशात सांगितलं. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतून एक दहा-बारा वर्षांचा पोरगा आला, माझी रुमालवाली छत्री बघून हसला आणि म्हणाला, "अंकल, फोटो इधर से लो. उधर से वायर आता है." तिथून त्यानेच सगळं दाखवलं. आम्ही सहाही जण त्याच्या मागून निमूट फिरलो. त्याच्याकडे झेंडाही नव्हता.

किल्ल्यालगत मिठी नदी वाहते. ह्वेमधून वाहते ती सुगंधी नदी. दोन्ही नद्या पाहून आल्यावर माझं मत झालं आहे की नदीचं नाव ही बारशाच्या दिवशीची आशा असते.

संध्याकाळी काकांनी ह्वेला एकवीस फोटो पाठवले. त्यातल्या बारांत आम्हीच होतो. बाईचं उत्तर पाच मिनिटांत आलं. तिकीट किती? काकांनी लिहिलं, तिकीट नाही. गाईड मिळतो? काकांनी माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं, मिळतो, पण धारावीच्या मुलाला विचारावं. मग तिने विचारलं, वर्षाला किती लोक बघायला येतात? याला काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही. आकडा माहीत नसताना ते लिहीत नाहीत.

तेव्हा वाचकहो, एकदा येऊन आकडा वाढवा. शीव स्टेशनपासून किल्ला चालत दहा मिनिटांवर आहे. सकाळी लवकर या, पायऱ्या तापत नाहीत. शहाळं आणू नका, शेंगदाणे आणा आणि दोघांत वाटून खा. आणि कुणी विचारलंच तर सांगा, ॲडमिट कुणी नाही.